पाणचोर

४ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझं मागचं पत्र अकरा चुका तांबड्या शाईत दुरुस्त करून परत आलं. बहिणीचं पत्र तपासून परत पाठवणारा भाऊ जगात दुसरा नसेल. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वह्या येत नाहीत, हात शिवशिवतात, हे मी समजू शकते. हेही तपास, पण आधी वाच. या वेळी मला तुझ्या रसायनशास्त्राची खरीच गरज पडली आहे. हे वाक्य मी लिहिलं, याची तारीख घालून नोंद कर.

आपल्या लाँड्रीला रोज हॉस्पिटलच्या तीनशे चादरी येतात. हे गेल्यापासून दोन वर्षं त्या एका कामावर सगळं चाललं आहे. आणि गेले तीन आठवडे चादरी कळकट निघताहेत. काल मेट्रनबाईंनी एक चादर माझ्या नाकासमोर धरली आणि ही धुतलेली आहे की धुवायची आहे, असं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एप्रिलअखेर सुधारणा दिसली नाही तर काम काढून घेणार म्हणाल्या.

दोष ब्लीचचा आहे, एवढं मला कळलं. नवीन यंत्राबरोबर तपासणीची एक पेटी आली आहे. नळीत ठरलेलं ब्लीच घ्यायचं, पूड टाकली की ते तांबूस होतं, मग बाटलीतलं औषध थेंबाथेंबाने टाकत रंग जाईपर्यंत मोजायचं. जितके थेंब तितकं ब्लीच कडक. सव्वा महिन्यापूर्वी एका दिवशी दोन पिंपं आली, दोन्ही बारा थेंबांची. आता त्यांतलं एक मोजलं तर सहा! निम्मं उतरलं. बायका मात्र बारा थेंबांचं समजून तेवढंच माप टाकत होत्या, म्हणून चादरी कळकट.

आता दुसऱ्या पिंपाची गंमत ऐक. आमच्याकडे नीळमावशी आहे. बावीस वर्षं निळीत हात घालून कोपरापर्यंत निळी झालेली, म्हणून नीळमावशी. हिची एक जुनी खोड. पिंप आलं की त्याच दिवशी अर्धं दुसऱ्या रिकाम्या पिंपात ओतायचं आणि दोन्ही पाण्याने भरायची. पातळ केलं की टिकतं, असं तिचं म्हणणं. यांनी कधी तिला अडवलं नाही. पण एकाची दोन पिंपं ठेवायला जागा कुठे आहे? नवं यंत्र आल्यापासून कोठीत पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा मी यापुढे पाणी घालायचं नाही असं बजावलं, पण तोवर तिने दोनांतलं एक पिंप पातळ करून टाकलंच होतं. त्या दिवशी ते सहा थेंबांचं होतं. आज चाळीस दिवसांनी चार थेंबांचं आहे.

म्हणजे कडक पिंप बाराचं सहा झालं, पातळ पिंप सहाचं चार झालं. कोठी तीच, बॉयलरच्या भिंतीला लागून, तशीच गरम. मला काही उमगत नाही. कोठीची किल्ली मावशीकडे असते, हेही सांगून ठेवते. उत्तर लवकर लिही आणि जरा माणसासारखं लिही.

लोभ असावा, तांबड्या शाईशिवाय.
तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. या वेळी चुका सातच. प्रगती आहे. रसायनशास्त्रात तुला सत्तावीस गुण होते आणि तेही परीक्षकाला दया आली म्हणून, हे मी विसरलेलो नाही. तरी पेटी घेऊन थेंब मोजलेस आणि आकडे पाठवलेस. तुमच्या त्या धुणंघाटात एवढी अक्कल कोणाला आहे, याचंच मला नवल वाटलं.

आता हे लिहून घे. विक्रियेचा वेग तीव्रतेच्या प्रमाणात असतो. तीव्रता दुप्पट, तर वेग दुप्पट. चौतीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आहे आणि गाढवांनासुद्धा ते पाठ झालं आहे. ब्लीच नुसतं ठेवलं तरी त्याचे कण मोडत राहतात. फडताळात शंभर बशा असतील आणि दहा फुटत असतील, तर दोनशे असल्यावर वीस फुटतील. म्हणजे कडक असो वा पातळ, तेवढ्याच दिवसांत दोघांतला हिस्सा सारखाच जायला हवा. कळलं? नसेल तर परत वाच.

तुझं पातळ पिंप सहाचं चार झालं. तिसरा हिस्सा गेला. मग कडक पिंपातलाही तिसराच हिस्सा जायला हवा. बाराचे आठ व्हायला हवेत. तू मोजलेस सहा. मधले दोन थेंब गेले कुठे? रसायनशास्त्राने ते नेलेले नाहीत. पाय असलेल्या कोणीतरी नेले आहेत. पिंपातून चांगला माल काढायचा, तेवढंच पाणी भरायचं, की पिंप भरलेलं दिसतं आणि तुझ्यासारखी मालकीण खूश राहते. कुठे पाणी मुरतंय हे ओळखायला काही मोठी विद्या लागत नाही. किल्ली कोणाकडे असते ते तूच लिहिलं आहेस. आणि पातळ केलं की टिकतं, हे ढोंगही किती सोयीचं! बावीस वर्षं मालकाच्या डोळ्यांदेखत पाणी ओतायची सवय लावून ठेवली की मग कोणाला संशय येतो? चोराला चोर म्हणतात, माल नेऊन पाणी भरणारीला मी पाणचोर म्हणतो. हा शब्द माझा, फुकट वापर.

असल्या निरक्षर, ओल्या हातांच्या बायकांच्या खोडींना शास्त्र समजण्याची चूक तुझ्या नवऱ्याने केली. देव त्याला क्षमा करो, माणूस भला होता, पण बारावी नापास होता. तू तरी शहाणी हो आणि किल्ली काढून घे.

गुडघे दुखतात. बाकी बरं आहे. लोभ आहेच, तो प्रमाणात ठेवावा.
तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने काम केलं. नको तेवढं केलं.

मावशीला तोंडावर सांगायला माझी जीभ उचलेना. बावीस वर्षं तिने या घराचं केलं आहे. हे आजारी होते तेव्हा यांच्या अंगाखालच्या चादरी ती कोणाला हात लावू देत नसे. म्हणून मी भ्याडपणा केला. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलापाशी सगळ्या नऊ बायकांना बोलावलं आणि तुझं पत्रच वाचून दाखवलं. वाटलं, तुझे शब्द, तुझं गणित, माझ्यावर काही येणार नाही.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाली की पाणी मी घातलंच आहे, बावीस वर्षं घातलं आहे, पण या पिंपात नाही, कारण वहिनींनी नको म्हटलं होतं. आणि जाताजाता एवढंच म्हणाली की कडक ब्लीच आणि कडक माणूस, दोन्ही लवकर उतरतात. 

दादा, मला रात्रंदिवस तेच दिसतं आहे. तुझा तो शब्द इतर बायकांच्या तोंडी बसला आहे. गल्लीतल्या पोरांनी तिच्या दारावर खडूने पाणचोर असं लिहिलं, असं ऐकलं. तिची सून चार घरची धुणी धुते. आता त्या घरांतून विचारणा होते आहे की ब्लीच कुठून आणतेस. सासूचं नाव घेऊन लोक हसतात.

माल नेला असेल तर नेला असेल. पण तुला खात्री आहे ना? हात छातीवर ठेवून सांग.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रडगाणं वाचलं. चोर पकडला की मालकच रडतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या बाईने तुझ्यासमोर कबुली दिली आणि वर एक म्हण फेकली, आणि तू म्हणीला भुललीस. आपल्याकडे माणसं पुराव्याने हरत नाहीत, म्हणींनी जिंकतात. म्हणून तर आपण जिथे आहोत तिथे आहोत.

हात छातीवर ठेवायची मला गरज नाही, माझा हात पुस्तकावर आहे. तुझ्या समाधानासाठी मात्र चौथीच्या पोराला कळेल असा प्रयोग सांगतो. नवीन पिंप आलं की त्याच दिवशी मोज. बारा थेंब भरले पाहिजेत. मग झाकणावर कागदाची पट्टी आडवी चिकटव, तिच्यावर सही कर, वर लाख लाव. लाखेवर उमटवायला माझा पितळी शिक्का सोबत पाठवतो आहे. शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटाचा आहे, सांभाळून वापर. किल्ली तुझ्या गळ्यात ठेव. वीस दिवसांनी तू स्वतः पट्टी फोडून नळीभर घे, मोज आणि पुन्हा नवीन पट्टी लाव. चाळीस दिवसांनी परत तसंच. चाळीस दिवसांनी आठ निघतील. निघाले की मला पत्र लिहू नकोस. त्या बाईच्या दारावरचा खडू तसाच राहू दे, एवढंच कर.

मीही इथे पोहण्याच्या तलावाच्या रखवालदाराकडून बाटलीभर कडक ब्लीच आणि तुझ्यासारखीच थेंब मोजायची पेटी आणली आहे. एका बाटलीत कडकच ठेवलं, दुसरीत निम्मं पाणी घातलं. दोन्ही तुमच्या कोठीसारख्या गरम जागी हव्यात, म्हणून स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या बंबाजवळ मांडल्या आहेत. पुरावा तर हवाच, पण खरं सांगायचं तर मला इथे दुसरं काही काम नाही.

लोभ पुराव्यावर अवलंबून ठेवू नये.
तुझा,
दादा


१९ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पिंप २६ फेब्रुवारीला आलं. मोजलं, बारा. लाख लावली, शिक्का उमटवला, किल्ली गळ्यात घालून झोपते आहे. काल वीस दिवस झाले. पट्टी जशीच्या तशी होती. मोजलं.

आठ.

तू म्हणाला होतास की आठ चाळीस दिवसांनी. हे वीस दिवसांतच झाले. कोणाचा हात लागलेला नाही, दादा. माझ्याशिवाय कोणाचा नाही.

तुझी,
धाकटी


२३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मोजण्यात चूक. तुझा हात लहानपणापासून थरथरता, बाटली तिरपी धरतेस, थेंब मोठे पडतात. साबणाच्या फेसात उभं राहून रसायनशास्त्र होत नाही. चाळीस दिवस भरू दे. तोवर मला पत्र पाठवून टपालखात्याला त्रास देऊ नकोस.

दादा


८ एप्रिल

ती. स्व. दादास,
नमस्कार. साष्टांग घालायची माझी आज इच्छा नाही.

काल चाळीस दिवस झाले. लाख शाबूत, शिक्का शाबूत, माझी सही शाबूत. मी मोजलं. माझा हात थरथरतो म्हणून मेट्रनबाईंच्या औषधकोठीतल्या कंपाउंडरलाही मोजायला लावलं. तो दिवसभर थेंबच मोजतो. त्याचेही सहाच आले. बंद पिंपात, माझ्या गळ्यातल्या किल्लीखाली, बाराचे सहा. आता सांग, कोणी नेले ते दोन थेंब? तुझ्या शिक्क्याने?

आणि ऐक. वीस दिवसांचा आकडा आला त्याच आठवड्यात, तुला न विचारता, मी नवीन आलेलं प्रत्येक पिंप मावशीसारखं अर्धं करून पाण्याने भरायला लागले. मापं दुप्पट टाकायला सांगितली. जागा नव्हती, म्हणून यांचं टेबल कोठीतून बाहेर काढलं. चादरी आठ दिवसांत पांढऱ्या निघायला लागल्या. काल मेट्रनबाई स्वतः येऊन गेल्या. हॉस्पिटलचं काम राहिलं. पाण्याने राहिलं, तुझ्या गणिताने नाही.

टेबल हलवलं तेव्हा मागच्या भिंतीवर खडूच्या रेघा निघाल्या. ओळीच्या ओळी, खालपासून वरपर्यंत. मला काही कळेना, म्हणून सगळ्यांत जुनी इस्त्रीवाली होती तिला विचारलं. तिने सांगितलं की मावशी दर आठवड्याला शाईची एक चिंधी ब्लीचमध्ये बुडवायची आणि ती पांढरी होईपर्यंत मोठ्याने आकडे मोजायची. कडक ब्लीचमध्ये तीस म्हणेपर्यंत चिंधी पांढरी, उतरलेल्यात साठ. जेवढी चिंधी रेंगाळेल तेवढं ब्लीच उतरलं, एवढं साधं. मग भिंतीवर रेघा मारायची. एका बाजूला मोजण्यापुरत्या कडक ठेवलेल्या बादलीच्या, एका बाजूला पातळ पिंपाच्या. बावीस वर्षांच्या रेघा आहेत, दादा. आमच्याकडे पेटी नव्हती तेव्हापासूनच्या. निरक्षर म्हणालास ना तू तिला? मोजून घे, भिंत उभी आहे.

मी परवा तिच्या घरी गेले होते. दारावरचा खडू पुसलेला होता, पण ओल्या फडक्याने पुसल्याचा डाग होता. तिने मला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं की पुरेल की आणखी घालू. मी पाणी प्यायले. परत ये म्हटलं. ती म्हणाली की काम मिळेल कुठेही, मला माझं नाव परत हवं आहे, आणि ते तुमच्याकडे नाही, तुमच्या भावाकडे आहे. माफी मी मागितली. ती म्हणाली की तुम्ही वाचून दाखवलंत, लिहिलं त्यांनी.

तेव्हा आता तू लिही. आणि या वेळी तांबडी शाई स्वतःसाठी वापर.

तुझी,
धाकटी


१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचलं, घडी घातली आणि तुझा हात थरथरतो असंच पुन्हा लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्याही. मग बंबाकडे नजर गेली. माझ्या बाटल्यांना एव्हाना पन्नासच्या वर दिवस झाले होते. वीस दिवसांनी आणि चाळीस दिवसांनी मी त्या मोजल्या होत्या. आकडे पटले नाहीत म्हणून ते एका कागदावर लिहून कागद मिठाच्या बरणीखाली ठेवला होता. माझा हात थरथरत नाही, ते तुला ठाऊक आहे. कडक बाटली वीस दिवसांत बाराची आठ, चाळीसला सहा. पातळ बाटली सहाची वीस दिवसांत पाचाला थोडी कमी, चाळीसला चार. तुझेच आकडे.

चूक कुठे झाली ते लिहितो, कारण ती माझी आहे आणि ती चौतीस वर्षं जुनी आहे. फडताळातल्या बशा एकट्या फुटत नाहीत, एकमेकींवर आपटून फुटतात. ब्लीचचंही तसंच, त्याच्या कणाला मोडायला दुसरा ब्लीचचाच कण लागतो. त्याच फडताळात दुप्पट बशा कोंबल्या तर बशाही दुप्पट आणि प्रत्येकीला आपटायला शेजारणीही दुप्पट. म्हणून फूट दुप्पट होत नाही, चौपट होते. कडक ब्लीच पातळाच्या चौपट वेगाने स्वतःला खातं. पाणी घातलं की शेजारणी लांब जातात आणि माल टिकतो. त्या बाईला हे रेघांवरून कळलं.

आणि सगळ्यांत लाजेची गोष्ट अशी की पुस्तकात हे होतं. वेग तीव्रतेच्या कितव्या घाताने वाढतो ते दर विक्रियेचं वेगळं असतं आणि ते प्रयोग करूनच ठरवावं लागतं, असं एक वाक्य त्याच पानावर खाली होतं. ते परीक्षेत येत नसे. मी ते दरवर्षी गाळत आलो. एकदा एका मुलीने त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं होतं. मी तिला सगळ्या वर्गासमोर दीडशहाणी म्हणालो आणि बसवलं. गाढवं समोर नव्हती, फळ्यापाशी एक होतं.

मावशींसाठी सोबत वेगळं पत्र आहे. ते तू फोडू नकोस आणि त्यांनी सांगितल्याशिवाय मोठ्याने वाचू तर अजिबात नकोस.

लोभ असावा, हे यंदा मी पहिल्यांदा खरोखर मागतो आहे.
तुझा,
दादा


१४ एप्रिल

ती. स्व. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

हे अक्षर कोणाचं, हे तुम्हांला ठाऊक आहे. तुम्ही ते ऐकलेलं आहे.

मी तुम्हांला चोर ठरवलं. न पाहता, न विचारता, दोनशे मैलांवर खुर्चीत बसून, एका वाक्याच्या जोरावर. ते वाक्य चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. तुम्ही कधी काही चोरलं नाही. उलट बावीस वर्षं तुम्ही पाणी घालून त्या घराचा माल वाचवलात आणि त्याचा हिशेब भिंतीवर उघडा मांडून ठेवलात. तो कोणी वाचला नाही, तो तुमचा दोष नाही.

मी तुमच्याविषयी जो शब्द घडवला त्याची मला तेव्हा फार मौज वाटली होती. आता नाही वाटत. मी तो परत घेतो. माझ्या बहिणीने हवं तर हे पत्र सर्वांसमोर वाचावं.

मला क्षमा करावी आणि कामावर परत यावं, ही विनंती. क्षमा जमली नाही तरी यावं.

आपला,
मास्तर


२० एप्रिल

चि. मास्तरांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही मला तीर्थस्वरूप लिहिलंत. लिहिलंत तर लिहिलंत, मी घेतलं. वहिनींकडून कळलं की तुम्ही सहासष्ट, मी अडुसष्ट. तेव्हा आशीर्वाद माझ्याकडूनच यायला हवा. मी पाचवी शिकलेली आहे. निरक्षर नाही. चादरींच्या चिठ्ठ्या वाचायला बावीस वर्षं मीच असे. हे पत्रही त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवरच लिहिते आहे, नऊ लागल्या, नंबर टाकले आहेत.

तुमचं पत्र वाचलं. चांगलं लिहिता. पहिलंही चांगलंच लिहिलं होतं, म्हणून तर गल्लीभर पसरलं. वहिनी म्हणाल्या, हे पत्र मी सगळ्यांसमोर वाचते. मी नको म्हटलं. त्यांनी एकदा वाचलं ते पुष्कळ झालं. शब्द तुमचा होता, तो दुसऱ्याच्या तोंडून आला आणि तुम्हांला ऐकावाही लागला नाही. परत येताना तो तुमच्याच तोंडून यायला हवा. गुडघे दुखतात म्हणे. माझेही दुखतात, मी बावीस वर्षं उभी आहे.

बशांचं वहिनींनी मला समजावून सांगितलं. बरं वाटलं ऐकून. मला मात्र बशाबिशा काही माहीत नव्हत्या. एकदा पिंपाला चीर गेली, दुसरं पिंप नव्हतं, म्हणून अर्धा माल बादल्यांत काढला आणि त्याचा वास डोळ्यांना झोंबू नये म्हणून बादल्यांतच पाणी घातलं. महिन्याने बघितलं तर बादल्यांतलं बरं आणि पिंपातलं गेलेलं. मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून मोजायला लागले. तुम्हांला वाटलं दुसऱ्याचं चुकलं, म्हणून तुम्ही मोजलं नाही. तुमच्या-माझ्यात फरक एवढाच, मास्तर. तो काही शाळेचा नाही.

सोमवारी नवीन पिंप येतं. जेवणाच्या सुट्टीत या. मीही येईन. कामावर नाही, तुम्हांला ऐकायला. कामाचं नंतर बघू. इस्त्रीच्या टेबलापाशी त्या नऊ जणी असतील, मेट्रनबाईंना मी निरोप धाडला आहे, माझी सून येईल आणि दारावर खडू चालवणाऱ्या पोरांनाही त्यांच्या आया कान धरून आणणार आहेत. तुम्ही टेबलापाशी उभं राहून तुमचं पत्र वाचा. उभ्यानेच.

येताना तुमची ती तांबडी शाई घेऊन या. पांढरी चिंधी मी आणते. वाचून झालं की चिंधीवर तुमच्या हाताने पाणचोर असा शब्द लिहायचा. ठळक लिहा, मास्तरांसारखा. मग मी ती ब्लीचमध्ये बुडवीन आणि सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजायचं. कडक पिंपातलं घेणार नाही, त्यात झटक्यात जाईल. मी पातळातलं घेणार आहे. तो शब्द जाताना सगळ्यांना नीट दिसला पाहिजे, तुम्हांलाही.

लोभ किती ठेवायचा ते चिंधी पांढरी झाल्यावर ठरवू.

नीळमावशी